प्रबोधनकालीन सचित्र गायनग्रंथ

प्रबोधनकालीन सचित्र गायनग्रंथ म्हणजे रोमन कॅथलिक उपासनेतील लॅटिन गीते स्वरलेखनासह चर्मपत्रावर लिहून, सोन्याने व रंगांनी सुशोभित केलेली मोठ्या आकाराची हस्तलिखिते होत. इटलीत त्यांची निर्मिती चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकापर्यंत विशेष बहरली. स्पेनमध्ये ती त्यानंतरही चालू होती. मठांतील व कॅथेड्रलांतील गायकवृंद एकाच ग्रंथाभोवती उभा राहून त्यातून गात असे. आज संग्रहालयांत या ग्रंथांची ओळख प्रामुख्याने चित्रकलेचे नमुने म्हणून होते. मुळात मात्र ती रोजच्या वापराची साधने होती आणि त्यांचा आकार, लिपी, स्वरलेखन व चित्रे यांची रचना त्या वापरातूनच ठरली होती. एकोणिसाव्या शतकात यांतील असंख्य ग्रंथ चित्रांसाठी कापले गेले. त्यामुळे चित्रे टिकली, परंतु ज्या गीतांसाठी ती काढली होती त्यांची पाने बहुतांशी नष्ट झाली किंवा विखुरली.

उपासना आणि ग्रंथांचे प्रकार

मठवासीयांचा दिवस ठरावीक प्रहरांच्या प्रार्थनांनी बांधलेला असे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमावलीनुसार बायबलमधील सर्व १५० स्तोत्रे आठवडाभरात म्हणून पूर्ण करावयाची असतात. रात्रीच्या प्रार्थनेपासून निद्रेपूर्वीच्या प्रार्थनेपर्यंत दिवसातून आठ वेळा मठवासी एकत्र जमत. स्तोत्राच्या आधी व नंतर म्हणावयाच्या लहान गीताला 'अँटिफन' म्हणतात. त्यावरून प्रहरांच्या प्रार्थनांतील गीतांच्या ग्रंथाला 'अँटिफनरी' हे नाव पडले. मिस्सा या मुख्य उपासनाविधीतील गीतांच्या ग्रंथाला 'ग्रॅज्युअल' म्हणतात. या दोन्हींत गल्लत होण्याचा संभव असतो. कारण दिसायला ते सारखेच असतात आणि जुन्या विक्रीसूचींत तर कोणत्याही मोठ्या गायनग्रंथाला सरसकट 'मिस्सल' म्हटलेले आढळते. वास्तविक मिस्सल हा वेदीवरील धर्मगुरूचा ग्रंथ असून तो आकाराने लहान असतो.

वर्षभराची गीते एका खंडात मावत नसत. म्हणून ग्रंथांचे संच केले जात. काही खंडांत येशूच्या जीवनक्रमाशी जोडलेले सण व रविवार, काहींत संतांचे स्मृतिदिन, तर काहींत ज्यांच्यासाठी स्वतंत्र गीते नाहीत अशा संतांसाठीची सामाईक गीते असत. ज्या संताचे नाव मठाला दिले असेल त्याच्या सणाला संचात विशेष स्थान मिळे. एखादे सुटे पान मूळचे कोणत्या मठातले हे ठरवताना अभ्यासकांना याच गोष्टीचा सर्वाधिक उपयोग होतो.

आकार आणि वापर

आरंभीच्या मध्ययुगातील गायनग्रंथ हातात मावणारे होते. गीते मुखोद्गत असत आणि ग्रंथ केवळ आठवण देण्यापुरता लागे. तेराव्या शतकापासून ग्रंथांचा आकार वाढत गेला आणि पंधराव्या शतकापर्यंत ६० ते ८० सेंटीमीटर उंचीची पाने नित्याची झाली. गायकवृंदाच्या मध्यभागी असलेल्या उंच लाकडी पीठावर ग्रंथ उघडून ठेवला जाई. पहाटेपूर्वीच्या अंधारात मेणबत्तीच्या उजेडात, काही हात अंतरावर उभ्या असलेल्या अनेकांना एकाच वेळी ते पान वाचता येणे आवश्यक होते. त्यामुळे एका पानावर स्वररेषांच्या व शब्दांच्या मिळून पाच-सहा ओळीच मावत. अक्षरे वळणदार, ठसठशीत आणि कित्येकदा बोटाच्या पेरापेक्षाही मोठी असत.

गायकवृंद समोरासमोर दोन भागांत बसे. स्तोत्राची एक कडवी एका बाजूने, तर पुढची दुसऱ्या बाजूने म्हटली जाई. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून चरण आळीपाळीने उचलतात, ते पाहिलेल्या वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. फरक एवढाच की मठातील गायनाला वाद्याची वा तालाची साथ नसे. चाल एकेरी असे आणि सर्वजण एकाच स्वरात गात.

या वापराच्या खुणा ग्रंथांवर उमटल्या आहेत. पानांचे खालचे कोपरे बोटांनी काळवंडलेले असतात, उलटून उलटून फाटलेल्या जागी चर्मपत्राची ठिगळे शिवलेली दिसतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५–१५६३) पोप पायस पाचवे यांनी १५६८ मध्ये सुधारित प्रार्थनाग्रंथ आणि १५७० मध्ये सुधारित मिस्सल प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक मठांनी जुने ग्रंथ टाकून न देता बदललेले शब्द व स्वर खरवडून त्या जागी नवे लिहिले. जाड लाकडी फळ्या, त्यांवर चामडे आणि कोपऱ्यांना पितळी खिळे अशी बांधणी असल्यामुळे दोन-तीनशे वर्षे वापरूनही हे ग्रंथ टिकून राहिले.

स्वरलेखन

नवव्या शतकापासून युरोपात शब्दांच्या वर चालीचा चढउतार सुचवणाऱ्या खुणा लिहिल्या जात. परंतु चाल आधी ठाऊक असेल त्यालाच त्यांचा उपयोग होई. इटलीतील अरेझ्झो येथील ग्वीदो या मठवासी शिक्षकाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत व्यवस्थित मांडली. पूर्वी गायक तयार होण्यास दहा वर्षे लागत, ते काम या पद्धतीने एक-दोन वर्षांत होते असा त्याचा दावा होता. संत योहानवरील एका स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते, हे लक्षात घेऊन त्याने त्या ओळींची आद्याक्षरे स्वरनामे म्हणून वापरली. 'उत, रे, मी, फा, सोल, ला' ही नावे तेथून आली. सा-रे-ग-म प्रमाणेच तीही गाऊन शिकण्यासाठी आहेत.

प्रबोधनकालीन ग्रंथांत चार रेषांचा पट्टा असतो. या रेषा बहुधा लाल शाईच्या असून त्यांवर काळे चौकोनी स्वर लिहिलेले असतात. चारही रेषा एकदम ओढता याव्यात म्हणून अनेक टोकांची लेखणी वापरली जाई. पट्ट्याच्या आरंभी कोणत्याही एका रेषेवर 'उत' किंवा 'फा' या स्वराचे स्थान दाखवणारे अक्षर असते आणि त्यावरून बाकीचे स्वर वाचायचे असतात. हे स्थान सापेक्ष आहे. आपल्याकडे गायक जसा आपल्या गळ्याला झेपेल ती पट्टी निवडतो, तसा तेथे गायकवृंदाचा प्रमुख सर्वांना सोयीचा पडेल असा आरंभस्वर देई. एका शब्दावयवावर अनेक स्वर घ्यायचे असल्यास ते एकमेकांना जोडून लिहितात. दोन स्वरांच्या चढत्या, उतरत्या आणि तीन स्वरांच्या वर-खाली जाणाऱ्या अशा प्रत्येक जोडणीला स्वतंत्र आकार व नाव आहे. ओळीच्या अखेरीस एक लहान तिरपी खूण असते. पुढच्या ओळीचा पहिला स्वर कोणत्या जागी आहे ते ती आधीच सांगते. दूरवरून गाणाऱ्याची नजर ओळ बदलताना चुकू नये यासाठी केलेली ही साधी आणि मोठी उपयुक्त सोय आहे.

स्वरांची लांबी या लेखनातून निश्चितपणे कळत नाही. त्यामुळे ही गीते कोणत्या लयीत गावीत यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहेत. फ्रान्समधील सोलेम येथील मठवासीयांनी जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रे १८८९ पासून खंडशः प्रसिद्ध करून या अभ्यासाला पाया दिला.

निर्मिती

ग्रंथासाठी मेंढी, बकरी किंवा वासराचे कातडे चुन्याच्या निवळीत भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवले जाई. मोठ्या गायनग्रंथात एका कातड्यातून जेमतेम एक दुमडपत्र, म्हणजे दोन पाने, निघत. दोनशे पानांच्या एका खंडाला त्या हिशेबाने शंभर जनावरांची कातडी लागत. वीस खंडांचा संच हा किती मोठा खर्च होता, याची कल्पना यावरून यावी.

काळी शाई ओकच्या झाडावरील गाठी, हिराकस आणि डिंक यांपासून करीत. लेखक प्रथम शब्द लिही, मग स्वर भरले जात. चित्रांच्या जागा रिकाम्या सोडून पाने चित्रकाराकडे जात. चित्रकार आधी रेखाटन करी. जेथे सोने हवे तेथे खडूसारख्या पदार्थाचा किंचित उंच थर देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसवी आणि दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणी. रंग त्यानंतर भरले जात, कारण वर्खाचे कण ओल्या रंगाला चिकटतात. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी याने लिहिलेल्या चित्रकलेच्या पुस्तिकेत या कृती तपशीलवार दिल्या आहेत.

सर्वांत महाग रंग म्हणजे लाजवर्द दगडापासून केलेला गडद निळा. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातील खाणींतून येई आणि समुद्रमार्गे आलेला म्हणून युरोपात त्या रंगाला 'समुद्रापलीकडचा' अशा अर्थाचे नाव मिळाले. त्याच सुमारास गुजरात व राजस्थानातील जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांतही लाजवर्दी निळा आणि सोने यांचा वापर वाढलेला दिसतो. लाखेपासून केलेला लाल रंगही युरोपात पूर्वेकडूनच जात असे.

आद्याक्षरे

प्रत्येक गीताच्या पहिल्या अक्षराला त्याच्या महत्त्वानुसार रूप दिले जाई. साध्या गीतांना लाल व निळ्या शाईत आलटून पालटून काढलेली, बारीक रेषांच्या जाळीने वेढलेली अक्षरे, रविवारांना पानाफुलांची अक्षरे आणि मोठ्या सणाच्या पहिल्या गीताला आत प्रसंगचित्र असलेले अक्षर, अशी ती श्रेणी असे. अशा अक्षराची उंची कधी कधी पानाच्या निम्म्यापर्यंत जाई. नाताळच्या मुख्य मिस्सेतील पहिल्या गीताच्या 'पी' या अक्षरात येशूजन्म, ईस्टरच्या 'आर' मध्ये थडग्यातून उठणारा ख्रिस्त, तर उपासनावर्षाच्या पहिल्या रविवारच्या 'ए' मध्ये दावीद राजा आपला आत्मा लहान बालकाच्या रूपात देवाकडे उचलून धरताना दाखवण्याची रूढी होती. शेवटचे चित्र गीताच्या शब्दांचा शब्दशः अर्थ दाखवते.

या चित्रांचे एक व्यावहारिक कामही होते. कित्येक शेर वजनाचा खंड उघडून हवा तो सण शोधणाऱ्याला पृष्ठांकापेक्षा चित्र लवकर सापडे. चित्र ही त्या गीतमालिकेच्या दारावरची पाटी होती म्हणावयास हरकत नाही. अर्थात केवळ तेवढ्यासाठी इतके सोने कोणी लावले नसते. दाता, मठ आणि नगर यांची प्रतिष्ठाही त्यात गुंतलेली असे. अनेक पानांच्या तळाशी देणगीदार घराण्याचे चिन्ह रंगवलेले आढळते.

काही प्रमुख संच

फ्लॉरेन्समधील सांता मारिया देली आंजेली या कामाल्दोली पंथाच्या मठात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात गायनग्रंथांची मोठी परंपरा निर्माण झाली. तेथील मठवासी चित्रकार दोन सिल्वेस्त्रो देई गेरार्दुच्ची (१३३९–१३९९) आणि त्यांच्यानंतर लोरेन्झो मोनाको यांनी या संचांत चित्रे काढली. कलेतिहासकार जॉर्जो वासारी याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे की, हे ग्रंथ लिहिणारे दोन याकोपो आणि ते रंगवणारे दोन सिल्वेस्त्रो यांच्या मृत्यूनंतर त्यांचे हात मठात स्मृतिचिन्ह म्हणून जतन केले गेले होते. संतांच्या अवशेषांना जो मान, तो येथे लेखनिकाच्या व चित्रकाराच्या हाताला मिळाला. या मठाचे बरेच ग्रंथ आता त्याच शहरातील लॉरेन्शियन ग्रंथालयात आहेत.

सान मार्को या डॉमिनिकन मठासाठी कोसिमो दे मेदिची याने १४४० च्या दशकात नवा संच करवून घेतला. चित्रकार फ्रा अँजेलिको याच मठाशी संबंधित होता. त्याचा भाऊ फ्रा बेनेदेत्तो याने या संचाचे लेखन केले, चित्रे झानोबी स्त्रोझ्झी याने आणि नक्षी फिलिप्पो तोरेल्ली याने केली. हे ग्रंथ मठातच, म्हणजे आताच्या सान मार्को संग्रहालयात राहिले आहेत.

सिएनाच्या कॅथेड्रलचा संच सर्वांत प्रसिद्ध म्हणता येईल. लिबेराले दा वेरोना हा तरुण चित्रकार १४६६ च्या सुमारास प्रथम मोन्ते ओलिवेतो येथील मठासाठी आणि पुढे कॅथेड्रलसाठी काम करू लागला. १४७० मध्ये जिरोलामो दा क्रेमोना त्याला येऊन मिळाला. लिबेरालेने उत्तरेच्या वाऱ्याचे काढलेले निळ्या देहाचे, गाल फुगवून फुंकणारे चित्र आज स्वतंत्रपणे ओळखले जाते. धार्मिक ग्रंथात इतकी मोकळी कल्पकता चालत असे, हे पाहून आश्चर्य वाटते. कार्डिनल फ्रांचेस्को तोदेस्कीनी पिक्कोलोमिनी यांनी उभारलेल्या ग्रंथालयात पिंतुरिक्किओच्या भित्तिचित्रांखाली हे ग्रंथ उघडून मांडलेले आहेत.

एका संचाचे भवितव्य राजकीय घडामोडीने बदलले. ग्रीक वंशाचे कार्डिनल बेसारिओन यांनी कॉन्स्टँटिनोपलमधील फ्रान्सिस्कन मठासाठी गायनग्रंथ करावयास घेतले होते. १४५३ मध्ये ते शहर ऑटोमन तुर्कांनी जिंकले. पुढे हे ग्रंथ इटलीतील चेझेना येथील फ्रान्सिस्कनांना देण्यात आले. त्यांतील काही खंड तेथील मालातेस्तियाना ग्रंथालयात आहेत.

स्पेनमध्ये राजा दुसरा फिलिप याने एस्कोरियाल मठासाठी दोनशेहून अधिक प्रचंड खंड करवून घेतले. तोवर छपाई रूढ झाली होती. १४७३ च्या सुमारास छापलेला कॉन्स्टन्सचा ग्रॅज्युअल हा छापील स्वरलेखनाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना समजतात आणि १५०० च्या सुमारास व्हेनिसच्या जुंता या प्रकाशकाने मोठ्या आकाराचे गायनग्रंथ छापले. तरीही गायकवृंदाच्या पीठावर ठेवण्याजोगे पान त्या काळच्या छापखान्यातून सहज निघत नसल्यामुळे हाताने लिहिलेले गायनग्रंथ अठराव्या शतकातही तयार होत राहिले.

ग्रंथांची कापाकापी

फ्रान्समध्ये १७९० मध्ये, इटलीत नेपोलियनच्या काळात, पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये आणि स्पेनमध्ये १८३५–३६ मध्ये मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली. गायनग्रंथांना एकाएकी वापर उरला नाही. जाड चर्मपत्राला मात्र किंमत होती. पुस्तकबांधणीसाठी, दप्तरांच्या वेष्टनांसाठी पाने विकली गेली. १७३९ मध्ये वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांत नेऊन टांगल्या, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. घंटेचे काम नव्या जागीही वाजण्याचेच राहिले. गायनग्रंथाच्या पानाला मात्र तसे नवे काम मिळाले नाही. ते पुठ्ठ्याचे अस्तर झाले.

ज्यांना चित्रांची पारख होती त्यांनी केलेली हानी वेगळ्या प्रकारची होती. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोम व्यापले असता पोपच्या सिस्टीन चॅपेलमधील हस्तलिखिते लुटली गेली. लुईजी चेलोत्ती या इटालियन व्यापाऱ्याने त्यांतून कापलेली चित्रे २६ मे १८२५ रोजी लंडनच्या ख्रिस्टीज येथे लिलावात विकली. केवळ कापलेल्या चित्रांचा हा पहिला मोठा लिलाव मानला जातो. त्याची सूची विल्यम यंग ऑटली या संग्राहकाने तयार केली होती. त्याच्या स्वतःच्या संग्रहातही दोन सिल्वेस्त्रोने मुरानो बेटावरील मठासाठी रंगवलेल्या ग्रॅज्युअलमधून कापलेली चित्रे होती. व्यापारी कधी कधी वेगवेगळ्या पानांच्या किनारी व अक्षरे जोडून एक नवेच 'चित्र' तयार करीत आणि चौकटीत बसवून विकत. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन याने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी आयुष्यभर लेखणी झिजवली. परंतु त्यानेच १८५४ च्या आरंभी आपल्या दैनंदिनीत हस्तलिखित कापत बसल्याची नोंद केली आहे. बोप्रे मठाच्या तेराव्या शतकातील अँटिफनरीची पाने त्याच्याकडून अशीच निरनिराळ्या हातांत गेली.

या सर्वांना रसिक म्हणावे की विध्वंसक, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आजही आहे. कापली नसती तर त्यांतील काही पाने लगद्यात गेली असती, हे खरे आहे. पण कात्रीने नेमके काय गेले हेही पाहिले पाहिजे. समासातील लाल रोमन आकड्यांतील पत्रांक गेला, त्यामुळे पान ग्रंथात कोठे होते ते कळेनासे झाले. अक्षरापुढचे शब्द गेले, त्यामुळे ते अक्षर कोणत्या गीताचे होते ते कळेनासे झाले. आणि स्वर तर व्यापाऱ्याच्या दृष्टीने कचराच होते.

आज असे तुकडे व्हेनिसचे चीनी प्रतिष्ठान, पॅरिसचे मार्मोतान संग्रहालय, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय अशा अनेक ठिकाणी आहेत. त्यांचे मूळ शोधताना अभ्यासक चित्राची मागची बाजू पाहतात. तेथे कापणाऱ्याचे लक्ष नव्हते, म्हणून दोन-चार शब्दावयव आणि काही स्वर शिल्लक राहिलेले असतात. 'कॅन्टस' या संगणकीय सूचीत गीतांचे आरंभशब्द व त्यांचे सण नोंदलेले असल्याने त्या शब्दांवरून सण, सणावरून खंड आणि स्वररेषांमधील अंतर जुळवून शेजारचे पान ओळखता येते. अशा रीतीने काही संच निदान कागदावर पुन्हा जुळवले गेले आहेत. म्हणजे विक्रेत्याने निरुपयोगी ठरवलेले स्वरच आता चित्राचे मूळ सांगण्यास उपयोगी पडत आहेत.

भारताशी संबंध

पोर्तुगीज सत्तेबरोबर लॅटिन उपासनागायन पश्चिम किनाऱ्यावर आले. गोव्यात फ्रान्सिस्कन १५१७ मध्ये, डॉमिनिकन १५४८ मध्ये आणि ऑगस्टिनियन १५७२ मध्ये स्थिरावले. वसईच्या किल्ल्यातही या पंथांची चर्च व मठ होते व त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. प्रहरांच्या प्रार्थना एकत्र गाणे या पंथांना बंधनकारक होते. १६०६ मध्ये जुन्या गोव्यात स्थापन झालेल्या सांता मोनिका मठातील धर्मभगिनींनाही तोच नियम लागू होता. जेझुइटांना मात्र त्यांच्या पंथाच्या घटनेनेच सामूहिक प्रहरगायनातून मोकळीक दिली होती, जेणेकरून ते प्रवास व अध्यापन करू शकतील. गोव्यातील मठ १८३५ मध्ये बंद झाले. सांता मोनिका मठ शेवटच्या धर्मभगिनीच्या निधनानंतर १८८५ मध्ये बंद पडला. त्याच इमारतीत आता ख्रिस्ती कला संग्रहालय आहे.

मराठीतील ख्रिस्ती गायनाने वेगळी वाट धरली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ते ओवीबद्ध असल्यामुळे त्याला स्वरलेखनाची गरजच नव्हती. ओवीची चाल श्रोत्यांच्या कानात होती आणि गोव्यातील चर्चमध्ये ती विसाव्या शतकापर्यंत गायली जात होती. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. काव्य टिकले ते हस्तलिखित नकलांमुळे. त्यांतील देवनागरी लिपीतील एक प्रत लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत मार्सडेन संग्रहात आहे.

प्रबोधनाच्या उंबरठ्यावरील इटालियन सचित्र ग्रंथ कसा असतो हे महाराष्ट्रात पाहावयाचे झाल्यास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे असलेले दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चे हस्तलिखित हे त्याचे उदाहरण होय. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ते संस्थेला भेट दिले. तो गायनग्रंथ नव्हे. परंतु चर्मपत्र, लिपी आणि सोनेरी आद्याक्षरे यांची कारागिरी त्याच परंपरेतील आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांतून उपासनेस मुभा दिली, तसेच ग्रेगोरियन गायनाला लॅटिन विधीत अग्रस्थान असल्याचेही नमूद केले. त्यानंतर वसई-मुंबई परिसरातील चर्चमध्ये मिस्सा मराठीतून होऊ लागली. मोठ्या पीठावरचा सामाईक ग्रंथ जाऊन प्रत्येकाच्या हाती छापील गीतपुस्तिका आली.